नऊनंतर बोलाचं नाही

पहिलेच सांगून टाकते, माह्या तोंडाले कुलूप नाही. कोणी एक शब्द टाकला का मी चार परत करते, आन वरून एक फुकट. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या आमच्या कंपनीत हे साऱ्याईले माहीत आहे. एकोणीस वर्षं झाले मले तिथं. खाली शेडमधे उभं राहाचं, लोखंडी गिअरच्या धारा घासाच्या, माप तपासाचं. आन एकोणीस वर्षं डोक्यावरून ती क्रेन जाताना पाहाची.

पिवळी, दहा टनाची. शेडच्या छताखाली रुळावर चालते. तिच्या पोटाले काचेची केबिन लटकलेली आहे, आन त्यात खुर्चीवर एक माणूस बसून राहते, तीस फूट वर. मले ती खुर्ची पाहिजे होती. काहून म्हणसान तर एक, बसून काम कराले मिळते. दुसरं, तिथून सारी शेड दिसते. आन तिसरं, त्या खुर्चीवर आजवर एक बी बाई बसली नव्हती. तिन्ही कारणं खरे आहेत, पण तिसरं जरा जास्त खरं आहे.

मागच्या वर्षी कंपनीनं बायाईले अर्ज कराले परवानगी देली. मी पहिल्याच दिवशी अर्ज देला. सहा महिने शिकली. हात बसला. शिकवणारे म्हणत, सरिताबाईचा हात पाण्यासारखा चालते. पण परीक्षा आली का त्याच हाताले काय होये कोणास ठाऊक.

परीक्षा अशी: दोनशे लिटरचा ड्रम पाण्यानं काठोकाठ भरतात आन हुकाले लटकवतात. तो शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याचा, मधल्या दोन घोड्यांना, म्हणजे माल ठेवाच्या लोखंडी स्टँडाईले, वळसा घालून, आन ठरल्या वेळात चुन्याच्या गोलात अलगद ठेवाचा. ड्रमच्या आत, काठाच्या चार बोटं खाली, लाल रेघ मारली असते. पाणी रेघेच्या खाली गेलं का नापास. खाली आमचे नत्थूजी खलासी हातानं खुणा करतात, आन क्रेनवाल्यानं फक्त त्यांच्याच खुणा पाहाच्या. बाकी सारी दुनिया बोंबलली तरी तिकडं लक्ष द्याचं नाही. एकच गोष्ट सोडून. ‘थांब’ ही खूण कोणीही केली, झाडूवाल्यानं केली तरी, थांबाचंच.

चान्स तीन. तिसऱ्यांदा नापास झाली का नाव यादीतून कायमचं कट.

पहिल्यांदा माहे हात थरथरले आन वेळ संपला. दुसऱ्यांदा मोहित नडला. मोहित आमचा फिटर. माणूस वाईट नाही, पण त्याच्या जिभेले हाड नाही. मी अर्ध्या शेडपर्यंत ड्रम मस्त आणला होता, तर हा खालून ओरडला, “सरिताबाई, जपून! लग्नातली घागर नाही ती!” सारे हासले. झालं! माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लीव्हर सोडला, खिडकी सरकवली आन म्हटलं, “थांब भैताडा, खाली उतरली का तुलेच त्याच्यात बुडवते!”

लीव्हर सोडला तर क्रेन धाडकन थांबली. क्रेन थांबली तर ड्रम थांबते काय? त्यानं असा झोका खाल्ला का अर्धं पाणी थेट मॅनेजर साहेबाच्या बुटावर. साहेबांनी कागदावर काट मारली आन पचपच करत चालले गेले.

त्या दिवसापासून माही झोप उडाली. अंथरुणावर पडली का डोळ्यासमोर ड्रम झुले. सकाळी सहाच्या कंपनी बसमधे डुलक्या, दिवसभर आठ-आठ कप चहा, आन घरी आली का भांडण. नवरा रविंद्र एसटीच्या वर्कशॉपमधे आहे, बिचारा गरीब स्वभावाचा. त्यानं मीठ मागितलं तरी मी त्याले सुनवो. पोरगी प्रीती कॉलेजात, ती माह्या समोरच येईना. राहिली माही सासू, इंदूबाई. ती खाटेवर बसून गुपचूप पाहत राहे. माह्या सासूचं असं आहे, बोलणार कमी, पण जे बोलणार ते पुरणार.

एक दिवस ती म्हणाली, “सरिता, तुले दवाई पाहिजे.”

“मले काय झालं?”

“तुले काही नाही झालं वं. आम्हाले झालं आहे.”

मले राग आला, पण गेली. वानाडोंगरीले शोभाताई म्हणून आयुर्वेदाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे. त्यांनी नाडी पाहिली, बीपी मोजला, झोप विचारली, चहा विचारला. थायरॉइडची, साखरेची गोळी चालू आहे का हे दोनदा विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाल्या, “अश्वगंधा देते. मन शांत व्हायला, झोप लागायला, लक्ष टिकायला मदत होते बऱ्याच जणांना. पण जादू नाही ही. दीड महिना नेमानं घ्या, मग सांगा. आज चूर्ण संपलंय, उद्या कोणाला तरी पाठवा.”

दुसऱ्या दिवशी माही ड्यूटी. सासूच गेली घ्याले. संध्याकाळी मी घरी आली तर ओट्यावर डबी ठेवलेली आन सासू समोर बसलेली, कोर्टात बसते तशी.

“डॉक्टरीणबाईनं पथ्य सांगतलं आहे,” ती म्हणाली. “जेवण झालं का नऊ वाजता एक चमचा, कोमट दुधात. संध्याकाळचा चहा बंद. आन घेतल्यावर एक घंटा बोलाचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बोलाचं नाही. तू कोणाशी नाही, तुह्याशी कोणी नाही. मोबाइल पाहाचा नाही. थंड्या पाण्यात हात घालाचे नाही, म्हणजे भांडे बी नाही. बोललं का दवाई उतरून जाते.”

मी तर हासलीच. “आई, आपल्या घरात असं कधीपासून चालाले लागलं? बुद्धविहारात तर तुम्हीच साऱ्याईले सांगता, कोणी सांगतलं म्हणून मानू नका, पारखून घ्या म्हणून.”

“मग पारखून पाह्य ना,” सासू म्हणाली. “दीड महिना.”

मी कॅलेंडरवर दीड महिन्यानंतरच्या तारखेले गोल केला. वादात मी वर्षातून एखाद वेळाच हरते.

पहिल्या दिवशी डबी उघडली तर बापा रे! काय वास! तबेल्यात तोंड घातल्यासारखा. दुधात मिसळलं तर दुधाचा रंग मातीचा झाला. नाक दाबून पेली. आन घड्याळात पाहिलं, नऊ वाजून दोन मिनिटं.

त्यानंतरचे अठ्ठावन्न मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. रविंद्र भांडे घासून राहिला होता. माणूस कुकरच्या झाकणाची रिंग न काढताच घासून राहिला होता! मले दिसून राहिलं होतं आन बोलता येत नव्हतं. प्रीतीनं उरलेली भाजी उघडीच फ्रिजमधे ठेवली. बोलता येत नव्हतं. फोन वाजला, माही बहीण, उचलता येत नव्हता. माह्या अंगाचा तिळपापड झाला. मी हातवारे कराले लागली तर सासू म्हणे, “हातानं बोलणं बी बोलणंच.”

रविंद्रले तर मजाच आली. चौथ्या दिवशी भांडे पुसता पुसता म्हणाला, “आई, ही दवाई सकाळची बी मिळते काय?” मी त्याच्याकडे असं पाहिलं का त्याच्या हातातून वाटी पडली. दहा वाजून एक मिनिटानं मी त्याले सारं व्याजासकट वापस केलं.

पहिला आठवडा असाच गेला. फायदा शून्य. दुसऱ्या आठवड्यात एक झालं. मी चटईवर बसली होती, आन रविंद्रनं पुन्हा ती रिंग नाही काढली. मले राग आला. पण बोलाचं नव्हतं, तर तो राग बसला माह्या बाजूले. बसला, बसला, आन मग उठून गेला. खरं सांगते, मले माहीतच नव्हतं का राग आपला आपला उठून जाते. मी तर त्याले आजवर बसूच देला नव्हता, आला का लगेच दुसऱ्याच्या घरी पोचवून देलं.

तिसऱ्या आठवड्यापासून झोप लागाले लागली. दहा वाजता पडली का सकाळी गजरालेच जाग. बसमधे डुलक्या बंद. दोन कप चहात दिवस जाये. आता हे त्या चूर्णानं झालं का चहा कमी केल्यानं झालं का आणखी कशानं, मले नका विचारू. मी गिअर तपासणारी बाई आहे, डॉक्टर नाही. पण मापात फरक पडला होता, आन माप मले समजते.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मोहित म्हणाला, “सरिताबाई, यावेळी साहेब गमबूट घालून येणार आहेत म्हणतात.” मी डबा धुतला, हात पुसले, आपल्या जागेवर आली, मशीन चालू केली, आन मग माह्या ध्यानात आलं का अरे, मी त्याले उत्तरच देलं नाही! मग मी एकटीच हासत बसली.

परीक्षेचा दिवस ऑक्टोबरातला. नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे उन्हाळ्याचा लहान भाऊ. पत्र्याची शेड अशी तापली होती. सासूनं सकाळी दारात उभं राहून फक्त एवढंच म्हटलं, “जयभीम कर आन जाय. जीव सांभाळून.” मी जयभीम केला आन निघाली.

शिडी चढली. केबिनमधे बसली. हात पाहिले. थरथरत नव्हते. तिसरा चान्स होता. आज गेलं का मग पायावर उभं राहूनच रिटायर व्हाचं आन डोक्यावरून जाणारी क्रेन पाहत राहाचं. खाली साहेब उभे, यावेळी पाच हात दूर. नत्थूजी खलाशांनी हात वर केला. मी ड्रम उचलला.

उचलला, आन चालली. ड्रम पुढं झुके तशी मी क्रेन त्याच्यासोबत थोडी पुढं नेओ, म्हणजे झोका मरते. ही युक्ती सहा महिने शिकली होती, पण आज पहिल्यांदा ती हातालेच समजली. पहिला घोडा आला. वळसा. पाणी काठाशी नुसतं चकाकलं. खालून कोणीतरी ओरडलं, “डावीकडं घे वं!” दुसरा म्हणाला, “अवं हळू!” तिसरा हासला. मले सारं ऐकू आलं. आलं आन गेलं. मी नत्थूजीचा हात पाहून राहिली होती.

दुसरा घोडा आला. वळसा घेतला. नत्थूजीचा हात म्हणे, ये, ये, सरळ ये. आता फक्त वीस फूट. चुन्याचा गोल समोर दिसत होता.

आन तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं का मोहित दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवून राहिला आहे.

थांब.

मोहित! माह्या परीक्षेत, शेवटच्या वीस फुटात, मोहित! दीड महिन्याआधीची सरिता असती तर तिनं म्हटलं असतं, आला माकडचेष्टा कराले, आन ड्रम दामटला असता पुढं. नाहीतर खिडकी सरकवून सात पिढ्या काढल्या असत्या त्याच्या. राग आलाच मले. कसा नाही येणार? पण तो आला आन बाजूले बसला, रोज नऊ वाजता बसे तसा. मी हात पाहिले, माणूस नाही पाहिला. हात म्हणत होते थांब. मी थांबली.

धाडकन नाही. लीव्हर हळू मागं घेतला. ड्रम पुढं गेला, मी क्रेन अर्धा हात त्याच्या मागोमाग नेली, तो वापस आला, मी वापस आली, तो पुन्हा थोडा गेला, आन मग उभा राहिला. एक थुंकीभर पाणी सांडलं असंन.

आन तेव्हा मले दिसलं. खांबाच्या मागून एक रंगारी बाहेर आला. ठेकेदाराचा माणूस, कानात कापसाचे बोळे, हातात रंगाची बादली, मान खाली. त्याले ना क्रेन माहीत ना परीक्षा. बरोब्बर ड्रमच्या वाटेत येऊन उभा राहिला आन बादली हलवाले लागला. नत्थूजीची तिकडं पाठ होती. त्यांना दिसलाच नव्हता. साऱ्या शेडमधे तो फक्त मोहितले दिसला.

दोन-तीन जणांनी धावत जाऊन त्याले ओढलं. त्यानं वर पाहिलं, दोनशे किलोचा ड्रम डोक्यापासून दोन हातांवर, आन तो तिथंच मटकन बसला. नत्थूजीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्यांनी माह्याकडे पाहून हात जोडले, मग तेच हात वर करून खूण केली. चाल.

मी चालली. ड्रम गोलात ठेवला, असा ठेवला का खाली टेकला तरी आवाज नाही आला. हूक ढिला केला आन मग मले रडू आलं. हो, रडली. तीस फूट वर कोण पाहते? मनसोक्त रडली.

साहेब वाकून ड्रममधे पाहून राहिले होते. पट्टी घातली, पुन्हा पाहिलं. “रेघेच्या वर तीन बोटं पाणी आहे,” ते म्हणाले. मग वर पाहून मोठ्यानं म्हणाले, “सरिताबाई, पास! आणि थांबलात त्याचे मार्क माझ्याकडे नाहीत, नाहीतर तेही दिले असते.”

मग जी टाळी पडली ना, पत्रे वाजले असे. मी शिडी उतरली तर मोहित खाली उभा, घामानं ओलाचिंब.

“मले वाटलं तू थांबतच नाही,” तो म्हणाला. “मले वाटलं तू म्हणशीन, हा मोहित्या मस्करी करून राहिला.”

“गमबूट कुठं आहेत साहेबाचे?” मी विचारलं. तो हासला, मी हासली, आन त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. माणूस वाचला होता त्याच्यामुळं. त्याच्यामुळं आन माह्यामुळं.

सुट्टी झाली तशी संत्रा बर्फीचे दोन डबे घेतले आन सरळ वानाडोंगरीले गेली. शोभाताईंच्या टेबलावर एक डबा ठेवला, सारी कथा सांगतली, आन म्हटलं, “ताई, तुमचं चूर्ण तर चूर्ण, पण ते एक घंटा न बोलाचं पथ्य! काय जबरदस्त शोध आहे तुमचा!”

शोभाताईंनी बर्फी हातातच धरली. “कोणतं पथ्य?”

“नऊ ते दहा बोलाचं नाही, भांडे घासाचे नाही, नाहीतर दवाई उतरते.”

“मी दुधातून घ्या म्हटलं होतं, आणि चहा कमी करा,” त्या म्हणाल्या. “बोलायचं नाही असं तर मी काहीच नव्हतं सांगितलं.”

घरी कशी पोचली मले आठवत नाही. चपला दारात फेकल्या. “आई!”

सासू खाटेवर निवांत बसली होती. माह्या हातातला डबा पाहून तिले समजलंच. “झाली ना पास?”

“झाली! पण तुम्ही खोटं बोलल्या! दीड महिना मले तोंड दाबून बसवलं! डॉक्टरीणबाई म्हणे मी असं काही सांगतलंच नाही!”

रविंद्र आन प्रीती स्वयंपाकघरातून बाहेर आले. सासूनं डबा उघडला, एक बर्फी तोंडात टाकली, पूर्ण खाल्ली, मग बोलली.

“तू पहाटे चारले उठते. डबे करते, बस पकडते, दिवसभर उभी राहते, घरी आली का पुन्हा ओट्याशी उभी राहते. तुले कोणी हाक मारली नाही असा एक घंटा या घरात नव्हता. मी म्हटलं असतं, पोरी, जरा बस, तर तू बसली असती काय? आन मी रविंद्रले म्हटलं असतं भांडे घास, तर यानं घासले असते काय? डॉक्टरचं नाव घेतलं तर सारे बसले मुकाट्यानं.” तिनं दुसरी बर्फी उचलली. “आन खरं सांगू? मले बी मालिकेतला एक शब्द ऐकू येत नव्हता तुह्या तोंडापुढं.”

प्रीती खो-खो हासाले लागली. मी तोंड उघडलं. माह्याजवळ बोलाले एवढं होतं ना, एवढं होतं! पण मी सासूच्या बाजूले खाटेवर बसली आन तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं माह्या केसावरून हात फिरवला. हाताले बर्फीचा वास होता.

त्या दिवशी जेवताना मी परीक्षेची कथा तीनदा सांगतली. चौथ्यांदा सुरू केली तर घड्याळात नऊ वाजले. सासूनं ग्लास पुढं केला. तोच मातीचा रंग, तोच तबेल्याचा वास.

“आता काहून?” मी म्हटलं. “आता तर मले माहीत झालं ना का पथ्य खोटं आहे.”

“मग नको पाळू,” सासू म्हणाली.

मी रविंद्रकडे पाहिलं. त्यानं बाह्या वर केल्या होत्या आन कुकर घेऊन ओट्यापाशी उभा होता. झाकण उलटं केलं, रिंग काढली, आन मले दाखवली.

मी दूध पेली आन गप्प बसली.